अंगठ्याखालचा कोट

बाटली तीच, मध तोच. मग शेवंताकाकू ती परत घेऊन दारात का उभ्या आहेत?

“कणी धरलीय याला,” त्या चैत्रालीच्या आईला म्हणाल्या. “म्हणजे साखरेचा पाक. व्हिडिओत दाखवलं.”

“काकू, थंडीत दरवर्षी धरते. गेल्या साली तुम्हीच पोळीला लावून खाल्लात.”

“तेव्हा ठाऊक नव्हतं.”

थांबवा.

(हे ठोंब्या बोलला. तो आजोबांनी बनवलेला यंत्रमानव. गोष्टीच्या मध्येच तोंड घालतो.)

मधात ग्लुकोज (एक प्रकारची साखर) असतं. गारठ्यात त्याचे कण होतात. खरा मधही असा थिजतो. नुसत्या कणीवरून खरंखोटं ठरत नाही.

पुढे चालू.

बाजारात आईच्या मधाच्या बाटलीला कुणी हात लावेना. असंच चाललं तर मधमाश्यांच्या पेट्या घाटाखालच्या मधपाळाला देऊन टाकू, आई म्हणाली. चैत्राली आजोबांकडे धावली.

“तुम्ही शास्त्रज्ञ ना? सांगा लोकांना.”

“सांगितलं की. स्वेटर घालून, व्हिडिओत. शेवंता म्हणाली, बाप लेकीची बाजू घेणारच.”

आजोबांनी नजरमापी (डोळे कुठे वळतात ते टिपणारी काच) काढली आणि काकूंना विचारून त्यांच्यासमोर तो साखरेच्या पाकाचा पहिला व्हिडिओ लावला. काकूंची नजर बोलणाऱ्याच्या पांढऱ्या कोटावर गेली. मग खालच्या बदामांच्या (किती जणांना आवडलं, त्या खुणांच्या) आकड्यावर. मग पुन्हा कोटावर.

“आणि मधाकडे?” चैत्रालीने विचारलं.

“एकदाही नाही,” ठोंब्या म्हणाला.

काकू घरी गेल्यावर चैत्राली पुटपुटली, “वेड्याच आहेत.”

“नाही गं,” आजोबा म्हणाले. “दिवसभरात इतकं समोर येतं, सगळं तपासणार कोण? मग मेंदू आडवाट धरतो. कोट आहे, म्हणजे जाणता. पुष्कळांना आवडलं, म्हणजे खरं. भावाने पाठवलं, म्हणजे भरवशाचं. हा खूणविश्वास (सांगणं न तपासता खुणेवर ठेवलेला विश्वास).”

“मग तुम्हीही कोट घाला.”

आजोबांनी खुंटीवरचा पांढरा कोट काढला. मग तो घालून नव्या व्हिडिओत तेच पुन्हा सांगितलं.

गिऱ्हाईक परतलं. काकूही आल्या. “डॉक्टरांनीच सांगितलं म्हटल्यावर...”

“काकू, ते माझे आजोबा.”

“हो, पण कोटात होते ना.”

थांबवा. इथे खरं जिंकलेलं नाही. कोट जिंकला.

पुढे चालू.

लवकरच आणखी एका व्हिडिओत दुसरा कोट आला, गळ्यात तपासायची नळी घालून. साखरेच्या पाकाचं पहिलंच खोटं त्याने पुन्हा सांगितलं. बाटल्या परत आल्या. पेट्या टेम्पोत चढल्या. आई पेट्यांखालच्या दगडांवरची पानं झाडत राहिली. आता तिथे काही ठेवायचं नव्हतं.

त्याच दुपारी चैत्रालीला एक व्हिडिओ आला. कोटातली एक बाई सांगत होती, डोंगरातल्या मधाने सगळे आजार बरे होतात. चैत्रालीने तो सगळ्यांना पाठवायला घेतला.

ठोंब्याने नजरमापी पुढे धरली. काचेत तिचेच डोळे होते. कोटावर.

तिने फोन खाली ठेवला. “मला तर सगळं माहीत होतं.”

“माहीत असूनही डोळे तिकडेच जातात,” आजोबा म्हणाले. “माझेही.”

“मग उपयोग काय?”

आजोबांनी ठोंब्याच्या हातातली नजरमापी काढून घेतली.

चैत्रालीने फोन उचलला. अंगठ्याने कोट झाकला, तळव्याने बदाम झाकले आणि व्हिडिओ पुन्हा ऐकला. नुसता आवाज उरला. सगळे आजार बरे होतात, म्हणत होता. कुणी तपासलं, कसं तपासलं, काहीच सांगत नव्हता. तिने तो पुसून टाकला.

मग ती काकूंकडे गेली, त्यांच्या फोनवर नळीवाल्याचा व्हिडिओ लावला आणि वर अंगठा ठेवला.

“अगं, माणूस दिसेना मला.”

“नुसतं ऐका.”

काकूंनी ऐकलं. कपाळाला आठी पडली.

“हा म्हणतोय ते कशावरून?”

चैत्रालीने अंगठा उचलला. पेट्या गेल्या होत्या. फोनमध्ये खाली असे व्हिडिओ संपतच नव्हते.

काकूंनी पुढचा लावला. आणि त्यावर स्वतःचा अंगठा ठेवला.