जकातघरातली बंद खोली

बेटावरच्या जुन्या इमारतींचा इतिहास लिहायचं सुनेनं मनावर घेतलं होतं, आणि त्या कामात तिची सगळी भिस्त सासऱ्यांवर होती. जन्मभर होडी चालवलेला माणूस. सकाळचं जेवण त्यांना संध्याकाळी आठवत नसे, पण कुठल्या भिंतीत पूर्वी दार होतं ते डोळे मिटून सांगत. नवरा दूरच्या जहाजावर नोकरीला. निघताना एवढंच म्हणाला होता, "बाबांना नजरेआड करू नकोस."

त्या दुपारी दोघं धक्क्यावरच्या जकातघरात गेली. सोबत सुतार होता, इमारतीची किल्ली त्याच्याकडे असे. जाड दगडी भिंती, ओलसर गारवा, फरशीवर उन्हाचे तिरपे पट्टे. मधल्या खोलीला गंजून घट्ट झालेलं कुलूप होतं. त्याची किल्ली सुताराच्या आजोबांनीही कधी पाहिली नव्हती.

"इथं काय असायचं, बाबा?"

"बोटीतून आजारी उतरलेल्यांना ठेवायचे. एक बाई त्यांना न्हाऊमाखू घालायची." मग आवाज खाली आणून, "हळू बोल. आत पाणी तापतंय."

सून हसली. पण दाराशी वाकली, तर फटीतून खरंच साबणाचा ऊबदार वास आला. सुतार मोजायच्या टेपचं टोक धरून भलतीकडेच बघत होता.

"जुन्या घरांना वास येतातच, वहिनी."

तिनं दालनाची लांबी लिहून घेतली, मान वळवली, तर सासरे नाहीत.

भरतीचं पाणी धक्क्याच्या पायऱ्या चढत होतं. सुतार तिकडे धावला, ती मागच्या गोदामाकडे. हाका मारून मारून घसा बसला. नवऱ्याला काय तोंड दाखवायचं? पाय ओढत ती परत दालनात आली आणि जागच्या जागी थबकली.

बंद दारापाशी सासऱ्यांच्या चपला होत्या. नीट जोडून ठेवलेल्या.

आत ते गुणगुणत होते.

कुलूप जसंच्या तसं.

सुतारानं घाव घालून कोयंडाच उखडला.

खिडकी विटांनी बुजवलेली. दुसरी वाट नाही. बाकावर सासरे बसले होते, सुखरूप. दारापासून बाकापर्यंतच्या धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

"किती वेळ लावलात!" ते करवादले.

सून रडता रडता हसली, त्यांच्या गळ्यात पडली. सुतार उखडलेला कोयंडा हातात घेऊन दाराशीच उभा होता.

"वहिनी, हे तेवढं लिहू नका."

"बाबा मिळाले ना, मग मला काही लिहायचं नाही."

घरापर्यंत तिनं त्यांचा हात सोडला नाही. ते वाटेत मासळीच्या भावावरून कुरकुरत होते आणि ती कुरकुर तिला गाण्यासारखी गोड वाटत होती. जीव भांड्यात पडला होता.

घरी त्यांचे हात धुताना ती थांबली. उजव्या हाताची नखं कापलेली होती. गोलसर, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. गेले कित्येक महिने ते नखांना कुणाला शिवू देत नव्हते, कात्री दिसली की घर डोक्यावर घेत. डाव्या हाताची तशीच वाढलेली.

"ही कुणी कापली, बाबा?"

"तिनं. हलका हात आहे गं." सासरे पाण्यात बोटं खेळवत प्रसन्न हसले. "उरलेली उद्या. आता दार उघडं आहे ना, तीच येईल इकडे."