अंगुस्तान

तुम्ही हसाल, पण मी पेशंटला घरातले जुने फोटो घेऊन यायला सांगतो. ग्रंथींचा डॉक्टर आहे मी, मला ते लागतात. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. तिच्यात वाढीचं हार्मोन बनवणारी गाठ आली, तर बोटं जाड होतात आणि चेहरा इतका सावकाश बदलतो की घरच्यांच्याही लक्षात येत नाही. फोटो ओळीनं मांडले, की बदल कधीपासून सुरू झाला ते दिसतं.

एका दुपारी शिवणकाम करणारी एक बाई आली. रुंद झालेला जबडा, दातांत फटी. म्हणाली, "शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान आता जातच नाही हो. सुई धरता येत नाही. मी खाऊ काय?" सोबतच्या भावानं फोटोंचं पाकीट काढलं.

मी फोटो मांडले. पहिल्यात ती दोन वेण्यांची मुलगी. मागे लांब, खिडकीत, रुंद जबड्याची एक बाई उभी. पुढच्या फोटोत तीच बाई दारात. मग खुर्चीमागे. मग अगदी खांद्याला खांदा लावून... शेवटच्या फोटोत मात्र पेशंट एकटीच, आणि चेहरा त्या बाईचा.

"ही कोण? आई का?"

भाऊ वाकून बघत राहिला. "कोण, डॉक्टर? ताईशिवाय कोणीच नाही इथे..."

मी भिंग लावून पाहिलंच. बाई होतीच. माझी ही खोड काही जायची नाही.

रक्त तपासलं, एमआरआय केला, गाठ दिसली. सर्जननं ती नाकावाटे काढली. पॅथॉलॉजिस्ट मित्रानं तुकडा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. "तुझा अंदाज बरोबर. वाढीच्या हार्मोनचीच आहे, कॅन्सर नाही." गाठीला नाव मिळालं, वर्ग मिळाला. फोटोतल्या बाईचा वर्ग कोणता, हे मी विचारलं नाही. त्यानं मला वेड्यात काढलं असतं.

काही महिन्यांनी ताई अंगुस्तान घालूनच आली, टेबलावर टकटक वाजवून दाखवलं. मला फार आनंद झाला. नवा फोटोही आणला होता. त्यात ती हसतेय, आणि मागे लांब, खिडकीत, ती दुसरी. पाठमोरी. चालली बुवा एकदाची, असं म्हणत मी तो टेबलाच्या काचेखाली सरकवला.

ताईचे रिपोर्ट अजूनही स्वच्छ आहेत. आज चहाचा कप ठेवताना सहज खाली नजर गेली. खिडकीतल्या बाईनं तोंड इकडे वळवलं होतं.

मी फोन लावला. "ताई... अंगुस्तान जातंय ना बोटात?"

पलीकडे शिलाई मशीन थांबलं.

"आज सकाळीच अडकलं, डॉक्टर... मी अजून घरातही कोणाला बोलले नाही."