खाटेएवढी ऊब

पटो न पटो, हे घडलंय. आमच्या मधल्या मामाच्या घरी, ऐन उन्हाळ्यातल्या एका रविवारी, भर दुपारी.

मामाला बढती हवी होती. ती मोठ्या साहेबांच्या हातात, आणि साहेबांचा जीव नळाच्या बिअरवर. म्हणून मामाने घरातच बार थाटला. उथळ पाण्याला खळखळाट फार!

बार कुठे? आजोबांच्या खोलीत.

आदल्याच उन्हाळ्यात आजोबा तिथेच वारले. तापलेल्या पत्र्याखाली, तापाने फणफणत.

"अहो, मामंजींसाठी कूलर तरी आणा," मामी विनवायची.

"म्हाताऱ्याचे लाड पुरे," मामा म्हणायचा.

ज्याच्या खांद्यावर बसून जग पाहिलं, त्याला वारा घालताना याचे हात जड झाले.

बिअरला मात्र सगळे लाड. पिंप शेजारच्या खोलीत, फ्रिजमध्ये. तिथून पाइप भिंतीभिंतीने बारच्या नळापर्यंत. वाटेत बिअर तापली की नुसता फेस येतो. म्हणून पाइपाला खेटून बर्फाच्या पाण्याची नळी, ते पाणी फिरवायला पंप, आणि दोन्हींवर फोमचं जाड वेष्टण.

पाइपाला दुलई!

साहेब आले. मामाने ऐटीत नळ सोडला...

फेस.

दुसरा ग्लास. फेसच.

"काय हो, दाढीला बोलावलंत की काय?" साहेब म्हणाले.

मामा दात काढून हसला आणि भिंतीकडे धावला. फ्रिजपासून पाइप चाचपत निघाला. गार... गार... गार...

मग एकदम ऊन.

बरोब्बर आजोबांची खाट होती तिथे. माणूसभर लांब. त्यापुढे पुन्हा गार.

"बर्फ टाक अजून!" तो मामीवर खेकसला.

मामीने पिशवीभर बर्फ ओतला. बघता बघता पाणी झालं...

मामाने चिडून वेष्टण फाडलं. पाइप मुठीत धरला.

ताप चढलेल्या मनगटासारखा लागला.

आत काहीतरी उडत होतं... ठक... ठक...

"पंप बंद कर आधी!"

"बंदच आहे," मामी हळूच म्हणाली. "मघाशीच केला."

ठक... ठक...

साहेब मिशीचा फेस पुसत उठले. बढती दुसऱ्याला मिळाली.

मामाने कुणाकुणाला दोष दिला नाही? फ्रिजला, पंपाला, मामीला. बापाचं नाव काही तोंडातून निघालं नाही. असल्या माणसाला भूतही काय शिकवणार!

पाइप निघाला. मामीने तिथे पंखा ठेवला, रिकाम्या भिंतीकडे तोंड करून. मामा येता-जाता तो बंद करतो.

परवाच्या थंडीत मी गेलो होतो. त्याच भिंतीला टेकून बसलो. मामाने येऊन बटण दाबलं. पाती थांबली.

माझ्या मागे कुणीतरी कूस बदलली...

मामाने कपाळ पुसलं. "तुला उकडतंय का रे?"

बाहेर दातावर दात वाजत होते. माझ्या अंगात स्वेटर होता. 'नाही' अगदी ओठांवर आलं...

पण भिंतीला टेकलेली माझी पाठ घामाने चिंब झाली होती.