उपळेकर वकिलांची ना हरकत

वकीलपत्रावर सही केली की दमयंती खरोसेच्या काळात दोन गोष्टी वकिलाच्या स्वाधीन होत, खटला आणि आठवण. पोलिसांना आरोपीचा मेंदू वाचायची मुभा होती. वकिलाचा मेंदू वाचायला कायद्याने बंदी. तेव्हा शहाण्या माणसाने काय करावं? घटनेची आठवण आपल्या डोक्यातून उपसून वकिलाच्या डोक्यात ठेवावी. याला 'स्मृतिअनामत' म्हणत. आठवणीची नक्कल निघत नसे. ती एका वेळी एकाच मेंदूत राही. त्यामुळे आपण खून केला की नाही, हे कित्येक आरोपींना स्वतःलाच ठाऊक नसे, आणि ते कोर्टाच्या आवारात निवांत डबा खाताना दिसत.

दमयंती निवांत नव्हती. तिच्या बेदाण्याच्या शीतगृहात तिचा दीर शशिकांत रात्रभर अडकून गारठून मेला होता. दाराची कडी तिनेच बाहेरून लावल्याचं कॅमेऱ्यात दिसत होतं. लावताना तो आत दिसला होता का, एवढाच प्रश्न, आणि त्यावर जन्मठेप. उत्तर उपळेकर वकिलांच्या डोक्यात.

तिला उपळेकरांचा संशय आला तो चहावरून. बाररूममध्ये ते सरकारी वकिलांना खेटून बसत, एकाच बशीतली भजी खात आणि वर खिदळत. कोर्टात भांडायचं आणि बाहेर मिळून चहा प्यायचा, ही वकिलांची जुनी रीत. पण ज्याच्या मानेवर सुरी, त्याला रीत कोण सांगणार? त्यात हल्ली ते तिच्याशी बोलताना भर उन्हाळ्यात शाल ओढून घेत आणि नजर चुकवत.

विकला गेलाय मेला, तिच्या मनाने घेतलं. नाहीतर आठवणीत असं काही पाहिलंय, की माझं तोंड बघवत नाही.

वकील बदलायचा तर जुन्या वकिलाची ना हरकत लागते. पूर्वी त्याची सही पुरे. आता अनामतही परत करावी लागे. ती आधी मालकाच्या डोक्यात यायची, तिथून नव्या वकिलाकडे जायची. हे काम डॉक्टर अनघा टिकेकर करत.

"वाटेत काही सांडत नाही ना, डॉक्टर?" दमयंतीने विचारलं.

"सांडत नाही, वास लागतो. आठवण म्हणजे काही फोटो नव्हे, ताई. मेंदू ती दर वेळी नव्याने मांडतो. हिंगाच्या डब्यात साखर ठेवली तर ती साखरच राहते, पण तिचा चहा पिववत नाही. आठवण ज्याच्या डोक्यात राहते, त्याच्या मनात भरलेलं तिला लागतं."

"म्हणजे उपळेकर मला खुनी समजत असले तर?"

"तर न घडलेलंही त्यात दिसू लागेल. म्हणून तर मी सांगते, होता होईतो वकील बदलू नका."

"मग आजच काढा त्यांच्याकडून!"

उपळेकरांनी एका शब्दाने कारण विचारलं नाही. मुकाट्याने ना हरकत दिली आणि खुर्चीत बसले. दमयंतीला गुंगीचं औषध दिलं होतं, आलेली आठवण तिच्यात रुजू नये म्हणून. आठवणीची घटकाभर तिच्या डोक्यात वस्ती झाली आणि मग ती आठवण नव्या वकीलबाईंकडे, शर्वाणी घोलपांकडे गेली. "गुंगीतसुद्धा 'विकला गेला, विकला गेला' चाललं होतं तुमचं," नर्स नंतर हसून म्हणाली.

घोलपबाई मात्र हसल्या नाहीत. "तुमचे दीर तांबडा मफलर वापरायचे का?"

"हो. का?"

"क्रेटांच्या मागे तो दिसतोय. तुम्ही तिकडे बघता, आणि मग कडी लावता." त्यांनी फाईल मिटली. "गुन्हा कबूल करून शिक्षा कमी मागू या, ताई. मला दुसरा मार्ग दिसत नाही."

दमयंती तडक बाररूममध्ये गेली. उपळेकर होते तिथेच, सरकारी वकिलांच्या शेजारी. तिचा अवतार पाहून सरकारी वकील कप उचलून दुसऱ्या टेबलावर गेले.

"तुमच्या मनातला हिंग लागला माझ्या आठवणीला!" ती ओरडली. "खुनी समजत होतात मला!"

"बसा," उपळेकर म्हणाले. आज त्यांच्या अंगावर शाल नव्हती. "आठवण गेली, बाई. तिच्यात काय होतं, ते मला आता सांगता येणार नाही. पण माझं मत माझं आहे, ते कोण काढणार? तुम्ही निर्दोष आहात याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मला पहिल्यापासून शांत झोप लागायची."

"मग नजर का चुकवत होतात?"

"तुमच्याकडे पाहिलं की त्या शीतगृहाची थंडी भरायची. आणि दीर गेल्याचं तुमचं दुःख असं उसळायचं, की रडू आवरत नसे. अशिलासमोर वकिलाने रडायचं का?"

दमयंतीने खुर्ची ओढली. यांच्या मनात हिंग नव्हता, तर तो आला कुठून? नर्सचं बोलणं तिला आठवलं. घटकाभर ती आठवण तिच्याच संशयाने भरलेल्या डोक्यात राहिली होती. तिच्या निर्दोषपणाचा एकच साक्षीदार या जगात होता, आणि त्याला तिने हट्टाने रिकामं करून घेतलं होतं. की हा गृहस्थ सगळ्याच अशिलांना असंच गोड सांगतो?

उपळेकरांनी तिच्यापुढे चहा सरकवला. "इतकी वर्षं कुठल्याही अशिलाला विचारायची वेळ आली नाही," ते हळूच म्हणाले. "आज विचारतो. शशिकांत तुम्हाला दिसला होता का हो?"

'नाही' म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तिला स्वतःचाच संशय आला.