आजी रोज येऊन बसतात

बॅगेच्या चाकांचा खडखडाट लिफ्टपासून सुरू झाला आणि शिवणताईंनी मशीनवरचा पाय काढला. आली, नवी वरात आली! घरातल्या घरात शिवणकाम करणाऱ्या या बाईंना अख्खी इमारत शिवणताईच म्हणायची. आणि ज्याने शेजारचा फ्लॅट विकत घेऊन तो एकेक-दोनदोन दिवसांच्या भाड्याने द्यायचा उद्योग मांडला होता, त्याचं नाव त्यांनीच ठेवलं होतं, पाहुणेवाला.

पाहुणे म्हणजे डोक्याला नुसता ताप. चुकीची बेल दाबायची, कचऱ्याची पिशवी यांच्या दाराशी टाकायची, भर दुपारी गाणी लावायची. एरवी ताईंनी दोन शिव्या हासडून सोडून दिलं असतं. पण आतल्या खोलीत आई होती. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. झोप हेच औषध, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बेल वाजली की ती दचकायची आणि मग दिवसभर छताकडे बघत पडायची.

"तिथे तिला धड झोपसुद्धा मिळत नाही," भावाने फोनवर सुनावलं होतं. "सेवागृहात जागा बघितलीय मी. महिनाअखेरीस घेऊन जातो."

"नेऊन तर बघ!" म्हणून ताईंनी फोन ठेवला खरा, पण मनातून त्या हादरल्या होत्या. भाऊ काही खोटं बोलत नव्हता. एक तर पाहुणे बंद व्हायला हवे होते, नाहीतर आई जाणार होती.

भांडून काही होईना, तेव्हा त्यांनी शेजारच्या दारावर कागद चिकटवला. 'शेजारी आजारी माणूस आहे. कृपया शांतता राखा.' आणि काय आश्चर्य, आवाज खरंच थांबले! पाहुणे बॅगा उचलून नेऊ लागले, दबक्या आवाजात बोलू लागले. आई दुपारभर गाढ झोपू लागली. ताई मशीनवर बसून चक्क गुणगुणायच्या.

एक दिवस पाहुणेवाला स्वतःच दारात उभा राहिला, हातात मिठाईचा पुडा घेऊन.

"ताई, भांडण विसरा आता. तुमच्या आईंमुळे माझी जागा नावारूपाला आली! जो येतो तो त्यांचं कौतुक लिहून जातो."

"कोणाच्या आईमुळे?"

"हे काय, वाचा ना." त्याने मोबाईल पुढे केला. शेजारच्या आजी फार प्रेमळ आहेत, कोणीतरी लिहिलं होतं. रोज दुपारी येऊन बसतात, गप्पा मारतात.

ताईंना हसू आलं. "अहो, वरच्या मजल्यावरच्या असतील. माझी आई कूससुद्धा बदलत नाही."

त्याने फोटो दाखवला.

खुर्चीत आई बसली होती. पाठ सरळ, पायावर पाय, दोन्ही हातांत कप. अंगात तिचा रोजचाच गाऊन. निकामी हात वर उचलावा लागू नये म्हणून ताईंनी तो गाऊन एका बाजूने उघडा ठेवून बंद लावले होते. असा गाऊन बाजारात मिळत नाही. तो त्यांनी आपल्या हाताने, याच मशीनवर शिवला होता.

ताईंना पुडा घ्यायचंही भान राहिलं नाही. दार लोटून त्या आत धावल्या. आई पलंगावर होती, सकाळी निजवली तशीच. तोंड किंचित उघडं, उशीवर लाळेचा डाग. ताईंनी तिचा उजवा हात उचलून सोडला. तो धप्पकन पडला.

"आई, तू शेजारी जातेस?" विचारताना त्यांची त्यांनाच लाज वाटली. आईने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई झोपल्याची खात्री करून, दाराला बाहेरून कडी घालून त्या शेजारी गेल्या. एका तरुण जोडप्याने दार उघडलं.

"इथे एक आजी येतात?"

"हो, येतात ना!" मुलगी हळू आवाजात म्हणाली. "आत्ताच गेल्या. काय गोड आहेत हो! एवढं सगळं सोसूनही."

"काय सोसून?"

"त्यांची मुलगी. अर्धांगवायू झालाय ना तिला? बोलत नाही, उठत नाही. तो कागदही तिच्यासाठीच लावलाय, म्हणाल्या." ती थांबली. "तुम्ही कोण?"

"मी त्यांची मुलगी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"दुसरी का?" नवऱ्याने विचारलं.

"एकच आहे मी," ताई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही.

त्या परत वळल्या. बाहेरची कडी निघालेली होती. आतल्या खोलीत पलंग रिकामा होता.

हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं. जीभ हलेना.

उजवा पाय उचलेना म्हणून त्या पलंगावर टेकल्या. हाताने कड धरायला गेल्या, तर उजवा हात घसरला आणि तसाच लोंबत राहिला. त्या आडव्या कलंडल्या. घशातून साधं कण्हणंही निघत नव्हतं.

"या ना, आत या. संकोच नका करू." बाहेरून आईचा आवाज आला. खणखणीत.

पावलं आली. आईने त्यांचे पाय उचलून पलंगावर ठेवले, मान सरळ केली, ओठांच्या कडा पदराने पुसाव्यात तशा गाऊनच्या बाहीने पुसल्या. तिचे हात उबदार होते.

"महिनाअखेरीस सेवागृहात ठेवतोय हिला," आई दाराकडे वळून म्हणाली. "मुलगा म्हणतो, तुझ्याच्याने होत नाही आता. मग ही खोलीही पाहुण्यांनाच द्यावी म्हणते."

जोडपं दारात उभं होतं. ताईंनी नजरेनेच त्यांना विनवलं. नवऱ्याने बूट काढले, पलंगाला वळसा घातला आणि खिडकीचा पडदा सरकवला.

"छान आहे," तो बायकोला म्हणाला. "उजेड भरपूर येतो."