तिसऱ्या वळणावरची भिंत

"माह्या पोरीनं रेस विकली नाही, मॅडम," जमुनाबाई दारातूनच म्हणाल्या आणि समोरच्या खुर्चीत मटकन बसल्या.

अकोल्यात खासगी तपासाचं काम करणाऱ्या जहाँआरा बेग, म्हणजे सगळ्यांच्या आपा, यांच्याकडे रडणारी माणसं रोजचीच. पण जमुनाबाईंमागे उभी असलेली आचल रडतही नव्हती. धामणगाव रेल्वेची वीस वर्षांची पोर, कालपासून पोटात अन्नाचा कण नाही आणि डोळे कोरडे ठक्क. ते पाहून किशोरने तिच्यासाठी खुर्ची ओढली. किशोर म्हणजे आपांचा मदतनीस. गाडी त्याची, चालवणारा तो, आणि ज्याच्या डोक्यात सगळ्यांच्या मागून उजेड पडतो, तोही तोच. माणूस मात्र सोन्यासारखा.

भानगड अशी होती. कम्प्युटरवरच्या मोटार रेसच्या स्पर्धेत आचल अमरावतीच्या संघाकडून उतरायची. स्टीअरिंग खरं, पेडल खरं, सीट खरी. गाडी तेवढी पडद्यावर. काल उपांत्य फेरीत तिची गाडी दर चकरेला तिसऱ्या वळणावर भिंतीवर आदळली. मुद्दाम हरली, अशी बोंब उठली. बाकीच्यांच्या गुणांवर संघ कसाबसा उद्याच्या फायनलला गेला, पण आचलचा फैसला आज संध्याकाळी होता. दोषी ठरली तर पुन्हा कुठल्याच स्पर्धेत बसता येणार नव्हतं. बापाने तर तोंड दाखवू नको म्हणून आधीच सुनावलं होतं.

आपांनी तिला एवढंच विचारलं, वळणावर काय झालं?

"वेगाचं पेडल दाबलं का गाडीचं नाक बाहेरच पळे," आचल म्हणाली. "स्टीअरिंग हातातून ओढल्यावानी करे. मले वाटलं, मीच घाबरून राहिली. शिकली तसंच चालवलं, मॅडम. मले दुसरं येतच नाही."

सकाळी सराव नीट झाला होता. मधल्या सुटीनंतर बसली तेव्हा पाय पेडलला पुरेना, सीट पुढे ओढावी लागली, हेही तिने बोलता बोलता सांगितलं. किशोरने ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं.

सगळे किशोरच्या गाडीने अमरावतीच्या गेमिंग सेंटरमध्ये पोचले. पंच मनोजभाऊंनी रेसचं चित्रण लावलं. हिरवा दिवा लागला, गाड्या जागच्या जागी चाकं फिरवत सुटल्या.

"हिच्या गाडीचा धूर पुढून निघून राहिला," किशोर म्हणाला. "बाकीच्यांचा मागून."

मनोजभाऊ वैतागले. धूर काय पाहता म्हणे, भिंत पाहा. गाडीत खोट नव्हती. रेस संपली तसा तिच्याच संघातला नितेश धावत आला, त्याने मशीन बंद करून आचलला बाहेर नेलं, आणि मग पंचांनी गाडी उघडून तपासली. नेहमीसारखीच मागच्या चाकांवर चालणारी निघाली.

शाकीब म्हणजे पडद्यावरच्या गाड्यांची सेटिंग लावणारा संघाचा माणूस, चणीने आचलएवढाच. काल शुक्रवार, तो सुटीत नमाजला गेला तो रेस संपल्यावर परतला. भिंतीचं ऐकून आधी काय वाटलं, असं आपांनी विचारलं.

"शेपूट फिरलं असंन," तो म्हणाला. "या गाडीची चूक तीच. जादा दाबलं का मागचा भाग घसरते." इथली रीतही त्याने सांगितली. गाडीला कुणी हात लावला, की स्वतः बसून एक चक्कर मारायचीच. चक्कर मारल्याबिगर गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही.

राहिला नितेश. ताडमाड पोरगा, संघाचा राखीव खेळाडू. आचल बाद झाली तर फायनलला तोच. तिला हा खेळ शिकवलाही त्यानेच, म्हणून ती त्याला दादा म्हणायची. सुटीत आणि रेसच्या वेळी तो बसस्टँडवर मामाला आणायला गेला होता म्हणे. चित्रणही पाहिलं नाही, कुणाला काही विचारलंही नाही, जीव झाला नाही.

"मग तिनं काय करायला पाहिजे होतं?" आपांनी विचारलं.

"पेडल सोडाले पाह्यजे होतं. नाक आपोआप आत आलं असतं."

आपांनी सगळ्यांना बसवून घेतलं.

"किशोरभाऊंनी खूण पकडली, त्यांना कळलं नाही ती गोष्ट वेगळी," त्या म्हणाल्या. "सुटताना जोर असलेली चाकं घसरतात, धूर तिथूनच निघतो. आचलची गाडी काल पुढच्या चाकांवर होती. या खेळात ते बदलायला दोन-चार बटणं लागतात, बाहेरून गाडी तशीच दिसते."

किशोर डोकं खाजवत म्हणाला, त्यानं फरक काय पडतो?

"मागून ढकलणाऱ्या गाडीत वळणावर पेडल दाबलं की शेपूट बाहेर सरतं आणि नाक आत वळतं. आचल तशीच जिंकते. पुढून ओढणाऱ्या गाडीत त्याच चाकांनी ओढायचंही आणि वळायचंही. दाबाल तेवढं नाक बाहेर, आणि स्टीअरिंगला हिसके. ती जिंकायला दाबत होती, म्हणूनच आदळत होती."

जमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आता कुणी केलं? ज्यानं बदललं, तो सवयीप्रमाणे सीट मागे सारून चक्कर मारून गेला. म्हणजे लांब पायांचा माणूस. न पाहता शाकीबला वाटलं, शेपूट फिरलं. नितेशलाच तेवढं नाक दिसलं, कारण ती गाडी त्यानं चालवली होती. आणि रेसनंतर मशीन बंद करायच्या निमित्तानं ती पुन्हा पहिल्यासारखी केली."

नितेशने आचलकडे पाहिलं.

"दादा," आचल म्हणाली, "जागा मांगतली असती तर मी देऊन देली असती."

"मालूम होतं मले," नितेश म्हणाला. "म्हणूनच नाही मांगतली. मीच शिकवलेल्या पोरीची भीक नोको होती."

मनोजभाऊंनी तिथल्या तिथे आचलला निर्दोष ठरवलं, हात जोडून माफी मागितली. शाकीबने तिची गाडी लावली, स्वतः चक्कर मारून सीट पुढे सरकवून दिली. किशोरला वाटलं, झालं एकदाचं, सुटली पोर.

आचलने गाडी काढली. पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. तिसऱ्यावर दाबायची वेळ आली आणि तिने पाय उचलला. पुढच्या चकरेलाही उचलला. मग तिने गाडी कडेला उभी केली.

"गाडी बरोबर हाय, मले मालूम हाय," ती म्हणाली. "पण पाय मानून नाही राहिला. उद्या कुणाले बी बसवा, भाऊ."

आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच ती ओक्साबोक्शी रडायला लागली.