खालचा दोरा

या गोष्टीत अंधार नाही. कुत्री रडत नाहीत, दिवे जात नाहीत. जे झालं ते भर दुपारी झालं. खिडक्या सताड उघड्या होत्या आणि खाली रस्त्यावर भाजीवाल्याशी कुणीतरी हुज्जत घालत होतं. म्हणूनच मला ती खरी वाटते. शिवाय सांगणारी माझी सख्खी मामी आहे, आणि तिखटमीठ लावून बोलणं तिला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

घरात तिला सगळे धाकटी म्हणतात. तिच्या जावेला थोरली.

दोघींचे संसार एकाच मजल्यावर, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. भिंतीच्या अलीकडे धाकटीची शिवणाची खोली, पलीकडे थोरलीचा पलंग. थोरलीला काही हवं असलं की ती बोट मुडपून भिंतीवर ठोकायची.

ठक ठक.

धाकटी हातातलं काम टाकून जायची. कधी पाणी हवं असायचं, कधी उशी सरकलेली असायची, आणि पुष्कळदा नुसत्याच गप्पा हव्या असायच्या.

दोघींनी मिळून भरतकामाचं मशीन घेतलं होतं. नक्षी निवडायची, कापड रिंगमध्ये ताणून बसवायचं, बटण दाबायचं, की मशीन आपोआप टाके घालतं. एक रंग संपला की थांबतं आणि 'टूं' करतं. मग वरचा दोरा बदलायचा आणि पुन्हा बटण दाबायचं. काम सोपं होतं, पण थोरलीने ते अवघड करून ठेवलं होतं. खालच्या बॉबिनमध्ये, म्हणजे छोट्या रिळात, सगळे जण पांढरा दोरा घालतात. तो उलट्या बाजूला राहतो, कुणाला दिसत नाही. थोरलीला मात्र खालचा दोराही त्याच रंगाचा लागायचा.

"अहो ताई, टेबलाखाली डोकं घालून कोण बघणारे?" धाकटी वैतागायची.

"मी बघणारे," थोरली म्हणायची. "आणि मी नसले तरी बघणारे."

तेव्हा दोघी हसायच्या.

त्या वर्षी थोरलीच्या छातीने दगा दिला. दोन पावलं चालली तरी धाप लागायची. मशीनवर बसणं बंद झालं. वर्षअखेरच्या सुट्ट्यांत सगळा गोतावळा जेवायला जमणार होता आणि लांबलचक टेबलाच्या मधोमध अंथरायला नवा रनर, म्हणजे कापडी पट्टा, शिवायचा होता. वर कापड, खाली कापड, मध्ये मऊ थर, असा तिपदरी. पातळ गोधडीच म्हणा ना. दोन्ही टोकांना हिरव्या फांद्या आणि त्यांवर लाल फळांचे घोस. शिवणार धाकटी. थोरलीने पलंगावर बसल्या बसल्या हाताने बॉबिनी भरून द्यायच्या, एवढं तिच्याकडे उरलं होतं.

शेवटची फांदी काढायच्या आदल्या संध्याकाळी धाकटी बॉबिनी आणायला गेली. थोरलीने गडद हिरवी दिली, पोपटी दिली, तपकिरी दिली. लाल मात्र मुठीत धरून ठेवली. गच्च भरलेली, दोरा कसा चकचकत होता ते धाकटीने डोळ्यांनी पाहिलं.

"ही राहू दे माझ्याजवळ," थोरली म्हणाली. "तिसऱ्यांदा टूं वाजलं की लाल लागणार, मला इथे ऐकू येतं सगळं. मी ठोकेन. तेवढ्या निमित्ताने येशील तरी."

धाकटी येते म्हणाली.

ती रात्र गेली, सकाळ गेली. धाकटी सकाळपासून मशीनवर बसली होती. एक टोक आधीच तयार होतं, दुसऱ्या टोकाची शेवटची फांदी आणि तिच्यावरचा घोस तेवढा उरला होता. मान मोडून आली होती. पाहुणे तोंडावर आलेले, घरात पसारा पडलेला. गडद हिरवा झाला... टूं. पोपटी झाला... टूं. तपकिरी झाला...

टूं.

मशीन थांबलं. खोली एकदम गप्प झाली.

ठक ठक.

धाकटीने भिंतीकडे पाहिलं. आत्ता उठून गेलं तर तासाभराची निश्चिंती, हे तिला ठाऊक होतं. बॉबिन द्यायला थोरलीला क्षण लागणार आणि सोडायला तास. तिने हाताशी पडलेली एक पांढरी बॉबिन खाली बसवली. एवढ्याशा घोसाला कोण उलटून बघतंय? वर लाल दोरा ओवला आणि बटण दाबलं.

सुई धडधडायला लागली.

त्या धडधडीतूनही ऐकू आलं... ठक ठक.

आता मध्येच थांबवलं तर टाका सरकेल, असं ती स्वतःला म्हणाली. हा रंग संपू दे, मग जातेच.

ठक... ठक.

मग फक्त मशीनचा आवाज राहिला.

रंग संपला. धाकटीने रिंग सोडवली, रनर तसाच घडी करून ठेवला आणि पदराला हात पुसत पलीकडे गेली. दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. थोरली भिंतीकडे तोंड करून निजली होती. एक हात भिंतीला टेकलेला, दुसऱ्याची मूठ उशीखाली.

धाकटीने हाक मारली. मग खांद्याला हात लावला.

खांदा गार होता.

पुढचं सगळं धावपळीचं. थोरलीचा नवरा, म्हणजे मोठे भाऊजी, छापखान्यातून धावत आले. डॉक्टर आले, खोलीत फक्त भाऊजींशी बोलून गेले. भाऊजींनी बाहेर येऊन एवढंच सांगितलं, की झोपेतच गेली. आणि मग येईल त्याला सांगत राहिले, धाकटी शेजारी होती म्हणून मी निर्धास्त असायचो. धाकटीने तिचं फार केलं.

प्रत्येक वेळी धाकटी मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, बिचारीला हुंदका आला.

ती मला म्हणाली, जीभ उचलत नव्हती. आज सांगू, उद्या सांगू करत दिवस गेले, आणि जितके गेले तितकं सांगणं कठीण झालं.

त्या वर्षी जेवणं झाली नाहीत. महिन्याभराने तिने मशीनवरचं फडकं काढलं. शेजारणीच्या उशीच्या अभ्र्यावर साधी फुलं काढायला घेतली. पहिला रंग झाला, दुसरा झाला. तिसरं टूं वाजलं...

ठक ठक.

भाऊजी कामावर होते. पलीकडच्या खोलीला कुलूप होतं.

पाइप वाजला असेल, असं म्हणून तिने ते मनाआड केलं. पण पुढच्या कामालाही तेच झालं, त्याच्या पुढच्यालाही. पहिल्या रंगाला नाही, दुसऱ्याला नाही. तिसरं टूं झालं की... ठक ठक.

तिने मशीनचं टूं बंद केलं. त्याला तसं बटण असतं. आता मशीन मुकाट थांबायचं. थोरलीला कळणार तरी कसं, असा वेडा विचार तिच्या मनात आला आणि तिची तिलाच शरम वाटली.

तिसरा रंग संपला. मशीन मुकाट थांबलं.

ठक ठक.

मग तिने मामाला सांगून मशीन हलवलं. प्रकाश कमी पडतो, असं कारण दिलं. मामा म्हणाला, तुझी ही रोजची नवी हौस माझी कंबर मोडणार. त्याने आणि मोलकरणीने मिळून मशीन घराच्या दुसऱ्या टोकाला, समोरच्या भिंतीशी नेलं. ती भिंत बाहेरची. तिच्यापलीकडे खोली नाही, गॅलरी नाही, उभं राहायला कडासुद्धा नाही. नुसती हवा, आणि खूप खाली रस्ता.

पहिला रंग झाला. दुसरा. तिसरा...

त्या भिंतीतून आलं. ठक ठक.

धाकटी उठून गेली नाही. जायचं कुठे? ती कानांवर हात ठेवून बसून राहिली.

वर्ष फिरून आलं. भाऊजी म्हणाले, यंदा सगळ्यांना बोलवू आणि तिच्या मनातला तो रनर टेबलावर घालू. धाकटीला नाही म्हणता येईना. रनरचे काठ दुमडायचे राहिले होते. आदल्या दिवशी सकाळी तिने तो कपाटातून काढला आणि पहिल्यांदाच उलटा केला.

शेवटच्या घोसाची फळं उलट्या बाजूनेही लाल होती.

तिने तो खिडकीशी नेला. सुईच्या टोकाने एक टाका उचलून पाहिला. वरचा लाल दोरा खाली येत होता आणि खालच्या लाल दोऱ्यात गुंतत होता. पांढऱ्याचा मागमूस नव्हता. तिने तर स्वतःच्या हाताने पांढरी बॉबिन बसवली होती.

जेवणाच्या दिवशी घर भरून गेलं. पोरं टेबलाखालून धावत होती, कुणीतरी ग्लास सांडला, मामाने त्याच त्या जुन्या विनोदावर सगळ्यांना पुन्हा हसवलं. भाऊजी टेबलाच्या टोकाला बसले होते. त्यांनी रनरचा कोपरा उचलला आणि सहज उलटून पाहिला.



"खालूनही लाल," ते म्हणाले. "तिचा हट्ट लक्षात ठेवलास धाकटे."

धाकटी उठून स्वयंपाकघरात गेली. भाऊजी पाणी घ्यायला मागोमाग आले. ओट्याला धरून उभी होती ती. आता नाही बोललं तर कधीच नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

"भाऊजी, त्या दुपारी ताईंनी ठोकलं होतं," ती म्हणाली. "मी ऐकलं. तरी गेले नाही. मशीन चालू ठेवलं."

भाऊजींनी ग्लास खाली ठेवला. ते रागावतील, हात उगारतील, काहीही करतील, ते तिला चाललं असतं.

"दुपारी नाही ठोकलं तिने," ते हळू आवाजात म्हणाले.

"मी माझ्या कानांनी ऐकलं."

"डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेली होती." "मी सकाळी तिला बघून निघालो. वाटलं, कधी नव्हे ती शांत झोपलीय. दार हळूच ओढून घेतलं, आवाज नको म्हणून. गेलेल्या माणसाला एकटं टाकून मी कामावर गेलो, धाकटे. कुणाला सांगायचं हे?"

बाहेर सगळे हसत होते. आत दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. मग ठोकलं कुणी, हे दोघांच्याही मनात आलं असणार. कुणी विचारलं नाही.

भाऊजींनी खिशातून काहीतरी काढून तिच्या हातावर ठेवलं. वर्षभर ते जवळ बाळगत असावेत.

"हे तिच्या मुठीत होतं," ते म्हणाले. "भरायची राहून गेली असेल."

बॉबिन होती. रिकामी. कडेला लाल दोऱ्याचं एक टोक तेवढं अडकलेलं.

ती गच्च भरलेली पाहिली होती, हे धाकटीने भाऊजींना आजतागायत सांगितलेलं नाही.

मी तिला म्हटलं, मामी, मग तुझा काय दोष? तू धावत गेली असतीस तरी त्या वाचल्या नसत्या. तिने मान हलवली. म्हणाली, तेच तर. मदतीला बोलावलं असतं आणि मी चुकले असते, तर निदान चूक कळली असती. त्यांना मदत नकोच होती. मरून गेल्यावरही बाईने कबूल केल्याप्रमाणे ठोकलं, आणि मी जिवंत असून चार पावलं गेले नाही.

आता मशीन पुन्हा जुन्या जागी, त्याच भिंतीशी आहे. टूंही चालू केलंय. पलीकडची किल्ली तिने भाऊजींकडून मागून घेतली. तिसरा रंग संपला की ती काम टाकून उठते, "आले हं ताई" म्हणते, आणि जाऊन त्या पलंगाच्या कडेला हात पुढे करून बसते. ठोकल्याचा आवाज अजून येतो का, असं मी विचारलं. तिने विषय बदलला.

परवा तिने मला एक लहानसा रनर शिवून पाठवला. हिरव्या फांद्या, लाल फळं. सोबत निरोप होता, की या वेळी खाली मी सगळीकडे पांढराच दोरा घातलाय, उलटून बघ आणि मला कळव.

तो टेबलावर पसरून ठेवला आहे. सुंदर दिसतो. तिचा फोन दोनदा येऊन गेला.

मी अजून उलटून पाहिलेला नाही.